ताटातूट : फिलाडेल्फियातील १७९३ ची पीतज्वराची साथ आणि दुभंगलेली कुटुंबे

प्रस्तावना

१७९३ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेच्या तत्कालीन राजधानीत, फिलाडेल्फिया शहरात, पीतज्वराच्या साथीने सुमारे ५,००० माणसे दगावली. शहराची वस्ती त्या वेळी ५०,००० च्या आसपास होती, म्हणजे दर दहा रहिवाशांमागे एक जण अवघ्या शंभर दिवसांत गेला. या साथीचा वैद्यकीय, राजकीय आणि वांशिक अंगांनी पुष्कळ अभ्यास झालेला आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय त्याहून आटोपशीर असला, तरी तो हाताळायला अधिक अवघड आहे. कारण त्या शंभर दिवसांत कुटुंबांची ताटातूट कशी झाली, घरातले कोण बाहेर पडले आणि कोण मागे राहिले, हे कोणी ठरवले आणि ज्या समजुतीच्या आधारे ठरवले ती समजूत कितपत खरी होती, या प्रश्नांची उत्तरे मृत्यूच्या नोंदवह्यांत सापडत नाहीत. ती पत्रांत, रोजनिश्यांत, मृत्युपत्रांत आणि वारसाहक्काच्या भांडणांत विखुरलेली आहेत.

विषयात शिरण्यापूर्वी रोगाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. पीतज्वर हा विषाणुजन्य रोग असून तो एडिस इजिप्टाय जातीच्या मादी डासाच्या चाव्याने पसरतो. डास चावल्यावर तीन ते सहा दिवसांत थंडी वाजून ताप भरतो, डोके आणि कंबर असह्य दुखते, ओकाऱ्या होतात. तीनचार दिवसांनी ताप उतरतो आणि बहुतेक रोगी तेथूनच बरे होतात. परंतु काहींच्या बाबतीत एखाद्या दिवसाच्या उसंतीनंतर रोग पुन्हा उलटतो, यकृत निकामी होऊ लागल्याने त्वचा व डोळे पिवळे पडतात, हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येते आणि पोटात साचलेले रक्त काळ्या ओकारीच्या रूपाने बाहेर पडते. मधल्या उसंतीला घरच्यांच्या दृष्टीने फार महत्त्व होते, कारण ताप उतरला असे पाहून धीर आलेल्या घरावर एकदोन दिवसांतच मृत्यू कोसळे, आणि बाहेरगावी असलेल्या आप्तांना ‘आता उतार आहे’ असे कळवणारे पत्र वाटेत असतानाच रोगी गेलेला असे.

पुढील सर्व विवेचनाचा पाया असलेली गोष्ट अशी, की हा रोग माणसाकडून माणसाला स्पर्शाने, श्वासाने किंवा कपड्यांतून लागत नाही. आजाराच्या पहिल्या तीनचार दिवसांत रोग्याच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात चावलेल्या डासाच्या शरीरात तो दहाबारा दिवस वाढतो आणि त्यानंतरच तो डास दुसऱ्या माणसाला रोग देऊ शकतो. एडिस डास आपल्या जन्मस्थानापासून फारसा दूर जात नाही. घराच्या परसातील पिंपे, हौद आणि पागोळ्यांखाली ठेवलेली भांडी यांतल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात त्याची पैदास होते. १७९३ चा उन्हाळा फिलाडेल्फियात कोरडा आणि उष्ण होता, आणि त्याच उन्हाळ्यात कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैतीतून, गुलामांच्या उठावानंतर जळालेले काप-फ्रान्से शहर सोडून निघालेल्या निर्वासितांची जहाजे बंदराला लागली. त्या बेटावर पीतज्वर नित्याचा होता. जहाजांतून आजारी माणसे आली तसेच पाण्याच्या पिंपांतून डासही आले. डेलावेअर नदीच्या काठच्या वॉटर स्ट्रीट परिसरात ऑगस्टच्या आरंभी पहिले मृत्यू झाले आणि १९ ऑगस्टच्या सुमारास डॉ. बेंजामिन रश यांनी हा पीतज्वर असल्याचा निष्कर्ष काढला.

डासांविषयीचे यातले काहीही त्या वेळच्या कोणालाही ठाऊक नव्हते. शहरातील वैद्यांचे दोन तट होते. एकाच्या मते रोग बाहेरून आला होता आणि स्पर्शाने लागत होता. दुसऱ्याच्या मते, आणि रश यांचे मत हेच होते, धक्क्यावर कुजत टाकलेल्या कॉफीच्या पोत्यांतून निघालेल्या दूषित वाफांमुळे तो उद्भवला होता. हवेत मिसळणाऱ्या अशा कल्पित विषारी वाफेला तत्कालीन वैद्यक ‘मायाझ्मा’ म्हणत असे. सामान्य माणसाने दोन्ही मते एकदमच मान्य करून टाकली. लोक व्हिनेगर आणि कापराने भिजवलेले बोळे नाकाशी धरून रस्त्याच्या मधोमध चालू लागले, हस्तांदोलन सोडले, डांबर लावलेल्या दोरीचे तुकडे खिशात बाळगू लागले, बायका-मुलेही तंबाखू ओढू लागली. हवा शुद्ध व्हावी म्हणून बंदुकीची दारू जाळली गेली. मॅथ्यू केरी या प्रकाशकाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात छापलेल्या वृत्तांतात या सर्वांचे तपशील आहेत, आणि त्याहून विदारक असे वर्णन आहे ते पती-पत्नींनी एकमेकांना, आईबापांनी मुलांना आणि मुलांनी आईबापांना टाकून दिल्याचे.

केरीचे हे वर्णन आजवरच्या बहुतेक लेखकांनी माणुसकीच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून वापरले. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका वेगळी आहे. शहर सोडून जाणारे वाचले हे खरे, परंतु ते रोग्यांपासून दूर गेले म्हणून वाचले नाहीत, तर डासांच्या टापूबाहेर गेले म्हणून वाचले. जर्मनटाउनसारख्या काही मैलांवरच्या गावी शहरातून अंगात रोग घेऊन आलेली माणसे मेली, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना रोग झाला नाही, हे त्या काळीही अनेकांच्या लक्षात आले होते. याचा दुसरा अर्थ मात्र फार कठोर आहे. जे शहरातच राहिले आणि भीतीपोटी आपल्या माणसाच्या खाटेपाशी गेले नाहीत, त्यांनी त्या दुराव्यातून काहीही मिळवले नाही. पलीकडच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला तोच डास तितक्याच सहजतेने चावू शकत होता. एका घरात राहून झालेली ताटातूट पूर्णपणे व्यर्थ होती, आणि मैलोगणती दूर जाऊन झालेल्या ताटातुटीने प्राण वाचवले ते कोणालाही न कळलेल्या कारणाने. कुटुंबांच्या वर्तनाचा न्यायनिवाडा करण्यापूर्वी ही विसंगती ध्यानात ठेवली पाहिजे.

सुमारे १७,००० ते २०,००० माणसे शहर सोडून गेली. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन १० सप्टेंबरला माउंट व्हर्नन या आपल्या घरी निघाले आणि केंद्र सरकारचे काम जवळजवळ थांबले. ज्यांच्यापाशी घोडागाडी, गावी घर किंवा आतिथ्य करणारे नातेवाईक होते ते आधी गेले. उशिरा निघालेल्यांना वाटा बंद झालेल्या आढळल्या, कारण न्यूयॉर्क, बाल्टिमोर आणि वाटेवरच्या लहान गावांनी पहारे बसवून फिलाडेल्फियाहून येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली होती. काही गावांत फिलाडेल्फियाची वर्तमानपत्रेसुद्धा व्हिनेगरमध्ये भिजवून, वाळवून मगच वाचली जात. अशा स्थितीत एकदा दोन ठिकाणी विभागलेले घर साथ ओसरेपर्यंत एकत्र येणे दुरापास्त होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि त्यांच्या पत्नी एलायझा यांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. दोघेही सप्टेंबरच्या आरंभी आजारी पडले, मुलांना त्यांच्यापासून वेगळे करून ऑल्बनीला आजोळी पाठवले गेले, डॉ. एडवर्ड स्टीव्हन्स यांच्या सौम्य उपचारांनी दोघे बरे होऊन मुलांना भेटायला निघाले, तेव्हा ऑल्बनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना हडसन नदीच्या पलीकडच्या तीरावरच थोपवले. एलायझाचे वडील जनरल फिलिप स्कायलर हे त्या प्रांतातले अत्यंत वजनदार गृहस्थ होते, तरी त्यांना शहराच्या अधिकाऱ्यांशी घासाघीस करावी लागली. पाठीशी असा बाप नसलेल्या कुटुंबांचे काय झाले असेल याचा अंदाज यावरून करता येतो.

डॉ. रश यांची ताटातूट स्वेच्छेची होती. त्यांची पत्नी ज्युलिया धाकट्या मुलांसह न्यू जर्सीतील प्रिन्स्टनला माहेरी होती आणि ते स्वतः शहरात रोगी तपासत राहिले. या काळात त्यांनी पत्नीला जवळजवळ रोज पत्र लिहिले, आणि ही पत्रमाला हा साथीच्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा एकसंध ऐवज ठरला आहे. पत्नीने परत येऊ नये असे बजावणे, कोणकोणते परिचित गेले त्यांची नावे, स्वतःच्या उपचारांवरचा अढळ विश्वास आणि विरोधी वैद्यांविषयीचा संताप हे सर्व त्यांत एकमेकांत मिसळलेले आहे. त्यांचे तीन शिकाऊ विद्यार्थी गेले. त्यांच्या घरी राहून शुश्रूषा करणारी बहीण रिबेका ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला गेली. ते स्वतःही आजारी पडले. रश यांचे धैर्य निर्विवाद आहे आणि त्यांची चिकित्सा घातक होती हेही तितकेच निर्विवाद आहे. कॅलोमेल हे पाऱ्याचे संयुग आणि जॅलप या मुळीची पूड एकत्र करून ते जबर रेच देत आणि त्याबरोबर शरीरातले रक्त काढीत. आधीच रक्तस्रावाने आणि ओकाऱ्यांनी खचलेल्या रोग्याला या उपायांनी अपायच झाला. पत्नीला लिहिलेल्या पत्रांतला माणूस आणि औषधोपचार करणारा वैद्य हे दोघे एकच आहेत, हे वाचकाने विसरू नये.

या ग्रंथात सर्वांत अधिक पृष्ठे टॉड कुटुंबाला दिलेली आहेत. जॉन टॉड हे तरुण वकील आणि त्यांच्या पत्नी डॉली हे दोघे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, शस्त्रत्याग आणि पुरोहिताविना उपासना ही या ख्रिस्ती पंथाची ओळख. फोर्थ आणि वॉलनट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांचे घर होते. १७९० च्या जानेवारीत विवाह झाला होता. थोरला मुलगा जॉन पेन दीड वर्षाचा होता आणि धाकटा विल्यम टेंपल त्याच उन्हाळ्यात जन्मला होता. जॉनने बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या पत्नीला आणि दोन्ही मुलांना स्कूलकिल नदीकाठच्या ग्रेज फेरी येथे नेऊन ठेवले आणि तो शहरात परतला, कारण त्याचे आईवडील तेथे होते आणि मरणाच्या दारात असलेल्या अशिलांना मृत्युपत्रे करून हवी होती. ऑक्टोबरात आधी वडील आणि मग आई गेली. २४ ऑक्टोबरला जॉन आणि तान्हा विल्यम हे दोघेही एकाच दिवशी गेले. डॉली स्वतः आजारातून उठली ती पंचविसाव्या वर्षी, वैधव्य आणि एक मूल पदरी घेऊन.

अखेरच्या क्षणी जॉन पत्नीला पाहण्यासाठी ग्रेज फेरीला धावत आला आणि तिच्या डोळ्यांदेखत कोसळला, अशी एक हृदयस्पर्शी कथा या कुटुंबात पुढे सांगितली जाऊ लागली. ती फार उशिराची आहे आणि तिच्यावर भार टाकण्याजोगा समकालीन पुरावा नाही. उपलब्ध पत्रांतून दिसणारे वास्तव कमी नाट्यमय आणि अधिक दाहक आहे. सासू-सासरे आणि पती एकाच महिन्यात गेल्याने मालमत्तेची व्यवस्था दीर जेम्स टॉड याच्या हाती आली, आणि तो कागदपत्रे व पैसे देण्यास टाळाटाळ करू लागला. पैसा उभा करण्यासाठी जॉनची पुस्तके विकावीत असेही त्याने सुचवले. त्यावर डॉलीने त्याला दिलेले उत्तर शिल्लक आहे. ज्या पुस्तकांनी आपल्या मुलाने शहाणे व्हावे अशी त्याच्या बापाची इच्छा होती, ती आपण दारिद्र्य सोसू पण विकणार नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. १७९४ च्या फेब्रुवारीत साथ ओसरून तीन महिने झाले होते, शहर पुन्हा गजबजले होते, आणि एक विधवा अजूनही दिराशी कागदपत्रांवरून भांडत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने मृत्युपत्र करून मुलाचे पालकत्व आरन बर या सिनेटरकडे सोपवण्याची तजवीज केली. दिराच्या हयातीत तिने पालक म्हणून कुटुंबाबाहेरचा माणूस निवडला, यावरून नाते कोठवर तुटले होते ते कळते. सप्टेंबरात तिने जेम्स मॅडिसन यांच्याशी विवाह केला, पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल क्वेकर समाजाने तिला वगळले, आणि मॅडिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे तिचे नाव इतिहासात अजरामर झाले. तिची पत्रे आज वाचायला मिळतात ती मुख्यतः या पुढच्या कीर्तीमुळे.

ताटातूट नाकारणारेही होते. माजी महापौर सॅम्युएल पॉवेल यांना शहर सोडण्याची गरज वाटत नव्हती, आणि वॉशिंग्टन दांपत्याने माउंट व्हर्ननला येण्याचे आमंत्रण दिले असतानाही त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी पतीला मागे ठेवून निघणे आपल्याला शक्य नाही असे ९ सप्टेंबरला कळवले. तीन आठवड्यांनी सॅम्युएल पॉवेल पीतज्वराने वारले.

ज्यांना जाण्याचा वा राहण्याचा पर्यायच नव्हता त्यांच्याविषयी लिहिताना साधने अपुरी पडतात, म्हणून तेथे अधिक सावधपणे पावले टाकावी लागतात. घरधनी गावी गेल्यावर घर राखायला मागे ठेवलेल्या मोलकरणी आणि नोकर, गोदीतले मजूर, नुकतेच स्थलांतरित झालेले जर्मन आणि आयरिश यांच्यात मृत्यूचे प्रमाण मोठे होते. कृष्णवर्णीय नागरिकांवर तर रश यांच्या एका चुकीच्या समजुतीचे ओझे पडले. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही असे गृहीत धरून त्यांनी शुश्रूषेसाठी त्यांना साद घातली; ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी १७८७ साली स्थापन केलेल्या फ्री आफ्रिकन सोसायटी या परस्पर साहाय्य संस्थेने ती स्वीकारली; आणि त्या समाजातलीही दोनशेहून अधिक माणसे साथीत मेली. केरीने आपल्या वृत्तांतात कृष्णवर्णीय परिचारकांपैकी काहींवर अवाच्या सवा पैसे उकळल्याचा आणि चोऱ्यांचा आरोप केला. त्याला जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ साली पुस्तिका छापून उत्तर दिले. कुटुंबांच्या इतिहासासाठी या पुस्तिकेचे महत्त्व केरीच्या वृत्तांतापेक्षा जास्त आहे, कारण केरी शहराकडे साथीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या समितीच्या टेबलावरून पाहतो आणि हे दोघे घरांच्या आत शिरलेले आहेत. प्रेत उचलायला गेले असता घरात केवळ लहान मुले सापडली आणि ती आईबाप झोपले आहेत असे समजत होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दुसऱ्यांची विस्कटलेली घरे सावरायला जी माणसे गेली त्यांच्या स्वतःच्या घरांत त्या काळात काय चालले होते, याविषयी त्यांनी फार थोडे लिहिले. त्यांना आरोपांना उत्तर द्यायचे होते, आणि दुःखाला जागा त्यातूनच काढावी लागली.

सरकारी व्यवस्थेनेही घरे फोडली, पण तिच्याविषयी एकतर्फी मत करणे अन्यायाचे होईल. महापौर मॅथ्यू क्लार्कसन यांनी नेमलेल्या नागरिकांच्या समितीने शहराबाहेरील बुश हिल या हवेलीत रुग्णालय चालवले. आरंभी तेथील अवस्था इतकी भयंकर होती की रोग्याला तेथे नेणे म्हणजे त्याचा निरोप घेणे होते. सप्टेंबरच्या मध्यास स्टीफन गिरार्ड हा फ्रेंच वंशाचा व्यापारी आणि पीटर हेल्म हे दोघे स्वखुशीने पुढे आले, आणि सँ-दोमिंगहून आलेले डॉ. जाँ देवेझ यांनी रक्त काढण्याचा अतिरेक टाळून विश्रांती व पोषक द्रव यांवर भर दिला. मग त्याच जागेतून माणसे बरी होऊन घरी जाऊ लागली. देवेझ हा रोग स्पर्शाने लागत नाही असे ठामपणे मानत होते. आईबाप गमावलेल्या मुलांसाठी समितीने अनाथगृह उघडले आणि मुले वाढल्यावर लोगानियन ग्रंथालयाची इमारत त्यासाठी वापरली. या मुलांपैकी काही खरोखर अनाथ होती, तर काहींचे पालक बुश हिलला किंवा बाहेरगावी अडकलेले होते. कोणते मूल कोणाचे हे ठरवणे हेच समितीचे एक मोठे काम होऊन बसले. गिरार्डने पुढे १८३१ साली मरताना आपली अफाट संपत्ती पितृहीन मुलांच्या शाळेसाठी ठेवली, परंतु ती मुले गोरी असावीत अशी अट घातली, आणि ती अट १९६८ साली मोडली जाईपर्यंत त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना त्या शाळेचे दार बंद होते.

थंडी पडल्यावर, नोव्हेंबरात, डास मेले आणि साथ थांबली. केरीने वृत्तांताला मृतांची वर्णानुक्रमे यादी जोडली. तिच्यात काहींचे पूर्ण नाव आणि व्यवसाय आहे, तर काही नोंदी केवळ अमक्याची बायको, अमक्याचे मूल एवढ्याच आहेत. कुटुंबाचा इतिहासकार ही यादी वाचताना एकाच आडनावाखालच्या नोंदी जुळवत जातो, आणि एका आडनावाखाली सहासात माणसे आढळली की ती एका घरातली होती की केवळ समनामिक होती हे ठरवण्यासाठी त्याला दफनाच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. पुढील प्रकरणांत जेथे असा मेळ बसला नाही, तेथे तो बसवण्याचा अट्टाहास केलेला नाही.

डासाचे गूढ उकलायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. हवानातील कार्लोस फिन्ले यांनी १८८१ साली डासाचा सिद्धान्त मांडला, वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० साली तो प्रयोगांनी सिद्ध केला, आणि त्या प्रयोगांत सहभागी असलेले डॉ. जेसी लाझीर त्याच वर्षी पीतज्वराने वारले. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात तयार केलेली लस आजही वापरात आहे. भारतात पीतज्वराने कधी पाय रोवला नाही. मात्र त्याचा वाहक असलेला डास मुंबई-पुण्याच्या घराघरांतून डेंग्यू पसरवतो आहे, आणि म्हणूनच आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या प्रदेशातून मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला आजही विलगीकरणात ठेवले जाते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १८९६ पासून मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा रोग्यांना इस्पितळात आणि घरच्या माणसांना छावणीत नेण्याची जी सक्ती झाली, तिची राजकीय बाजू शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. घरांची बाजू तेवढी ठाऊक नाही. फिलाडेल्फियाच्या बाबतीत ती सांगता येते, याचे कारण तेथील कुटुंबांनी आपली पत्रे फेकली नाहीत आणि त्यांच्या वंशजांनी ती संग्रहालयांच्या स्वाधीन केली. महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या माळ्यांवर आणि जुन्या पेट्यांत प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या काळातील मोडी आणि बाळबोध पत्रे, हिशेबाच्या वह्या, गावी धाडलेल्या मुलांच्या खुशालीची कार्डे अजून पडून असतील. ज्यांच्या घरी ती असतील त्यांनी ती रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथसंग्रहालयाकडे किंवा इतिहास संशोधन मंडळाकडे सुपूर्द करावीत, ही या ग्रंथाच्या निमित्ताने वाचकांना विनंती आहे.